उंबरठा ऑगस्टमध्येच ठरवा

मे महिन्याच्या शेवटाला युरोपातल्या फुटबॉल लीग संपतात आणि आपल्याकडं वादाला तोंड फुटतं. नांदेडच्या वसतिगृहात, लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरांच्या खोल्यांवर, छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानावरून घरी निघालेल्या घोळक्यात विषय एकच असतो: आपल्या क्लबचा सीझन यशस्वी झाला का? घरातली मोठी माणसं म्हणतात, लंडनचा क्लब हरला काय न् जिंकला काय, तुझ्या पदरात काय पडणार आहे? मला हे पटत नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस ऑगस्टपासून मेपर्यंत रात्री जागतो, तिचं फळ काय मिळालं हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण हा वाद आपण ज्या पद्धतीनं घालतो ती पद्धत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. निकाल हाती आल्यावर आपण मोजपट्टी शोधायला लागतो, आणि मग ज्याला जी सोयीची ती त्याची मोजपट्टी होते.

लंडनच्या टॉटनहॅम क्लबचा २०२४-२५ चा सीझन घ्या. त्याच्यावरून जितकं भांडण झालं तितकं अलीकडं दुसऱ्या कुठल्या सीझनवरून झालेलं मला आठवत नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या ३८ सामन्यांत २२ पराभव, ३८ गुण, वीस संघांत सतरावा क्रमांक. त्यांच्या खाली फक्त लीगमधून बाहेर पडून खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेले लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन. आणि याच संघानं २१ मे रोजी बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या पायरीची स्पर्धा, जिंकली. ब्रेनन जॉन्सनचा ४२ व्या मिनिटाचा गोल झाला तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. २००८ च्या लीग कपनंतरची क्लबची ही पहिली ट्रॉफी, आणि युरोपातली १९८४ नंतरची पहिली. शिवाय पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, जागा. एवढं होऊन १६ दिवसांत प्रशिक्षक अँजे पोस्टेकोग्लू यांना क्लबनं काढून टाकलं.

‘सतरावा नंबर अन् कसलं यश रे?’ हा एक पक्ष. ‘कप घरी आला का नाही? मग कामून रडायलास?’ हा दुसरा. दोघांकडंही मुद्दे आहेत. पहिला म्हणतो, अडतीस सामन्यांचा हिशोब एका रात्रीतल्या एका गोलानं पुसला जात नाही. दुसरा म्हणतो, सॉन ह्युंग-मिन दहा वर्षं या क्लबसाठी खेळला आणि त्याच्या हातात क्लबची पहिली ट्रॉफी त्या रात्री आली. हॅरी केन तर ट्रॉफीवाचून कंटाळून २०२३ मध्ये टॉटनहॅम सोडून जर्मनीच्या बायर्न क्लबला निघून गेला. पाचव्या-सहाव्या नंबराची किती वर्षं त्या एका रात्रीच्या बदल्यात द्यावीत?

आता समजा, तो गोल झालाच नसता आणि कप युनायटेडनं नेला असता. युनायटेडचा लीगमधला क्रमांक पंधरावा, गुण ४२. तेव्हा मला खात्री आहे, दोन्ही पक्षांनी जागांची अदलाबदल केली असती. टॉटनहॅमवाल्यांनी युनायटेडला पंधराव्या नंबरावरून हिणवलं असतं आणि युनायटेडवाल्यांनी शोकेसमधला कप दाखवला असता. मुद्दा इतक्या सहज फिरवता येत असेल तर तो मुद्दा क्लबविषयी काही सांगत नाही. बोलणारा कुठल्या बाजूला बसलाय, एवढंच त्यातून कळतं.

हंगाम कसा मोजावा हे खरं तर मराठवाड्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पीक विम्यात ‘उंबरठा उत्पादन’ नावाचा आकडा असतो. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिला जोखीम स्तरानं गुणतात; आपल्याकडं हा स्तर ७० टक्के धरला जातो. पीक कापणी प्रयोगातून आलेलं यंदाचं उत्पादन त्या आकड्याखाली गेलं की नुकसान झालं असं धरतात. योजना जशी राबवली जाते तिच्याबद्दल शेतकऱ्यांच्या रास्त तक्रारी आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र लेख लागेल. पण मूळ कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. तिथं मोजपट्टी पीक हाती येण्याच्या आधीच ठरलेली असते, ती सुगीनंतर हलवता येत नाही. आणि ती त्याच मंडळाच्या, त्याच पिकाच्या मागच्या वर्षांवरून काढलेली असते. औशाचं सोयाबीन कोल्हापूरच्या उसाशेजारी ठेवून कुणी नापास करत नाही.

हाच हिशोब मी क्लबांना लावून पाहिला. २०१७-१८ ते २०२३-२४ या सात सीझनमध्ये टॉटनहॅमचे लीगमधले गुण असे: ७७, ७१, ५९, ६२, ७१, ६०, ६६. चांगल्या पाच वर्षांची सरासरी ६९.४. तिचे ७० टक्के म्हणजे साधारण ४८.६. प्रत्यक्षात मिळाले ३८. म्हणजे उंबरठ्याच्या दहा गुण खाली. युनायटेडची चांगल्या पाच वर्षांची सरासरी ७२.४, उंबरठा ५०.७, प्रत्यक्षात ४२. तेही खालीच. आर्सेनलची सरासरी बरोबर ७५, उंबरठा ५२.५, प्रत्यक्षात ७४. आणि क्रिस्टल पॅलेस, ज्यांची सातही वर्षं ४३ ते ४९ गुणांच्या दरम्यान गेली, त्यांची सरासरी ४७ आणि त्या सीझनचे गुण ५३.

पॅलेसबद्दल बघा, कुणाचंच भांडण होत नाही. लीगमध्ये बारावे, पण स्वतःच्या सरासरीच्या बरेच वर. त्यात १७ मे २०२५ ला वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला, एबेरेची एझेचा गोल, क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. बाराव्या नंबरावर एवढा आनंद आणि दुसऱ्या नंबरावर आर्सेनलच्या चाहत्या पोरांची तोंडं उतरलेली, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. उंबरठा धरून पाहिलं की त्यात विचित्र काही राहत नाही.

मात्र या सूत्राला मी देव मानत नाही, आणि त्याची मर्यादा दाखवणारं उदाहरण माझ्याजवळच आहे. विगन या इंग्लिश क्लबचा २०१२-१३ चा सीझन. ११ मे २०१३ ला त्यांनी एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवलं, बेन वॉटसननं अगदी शेवटी डोक्यानं गोल मारला. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ हरून ते प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. माझ्या हिशोबानं विगनचा उंबरठा ३० गुणांच्या आसपास येतो आणि त्यांना ३६ मिळाले होते. सूत्र सांगतं सगळं ठीक, आणि क्लब तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. बुडण्याच्या काठावर राहणाऱ्या संघासाठी सत्तर टक्क्यांची सूट फार मोठी आहे. त्याचा उंबरठा लीगमध्ये टिकणं हाच असला पाहिजे. आकडा आपल्याला विचार करायला लावतो, विचारातून सुटका देत नाही.

तरीही विगनच्या माणसाला विचारा, तो कप परत देऊन सतरावा नंबर घेशील का? काही जण हो म्हणतील, कारण प्रीमियर लीगचा पैसा गेला की क्लबची किती पडझड होते हे त्यांनी नंतर बघितलं. बरेच नाही म्हणतील. या अदलाबदलीच्या प्रश्नातूनच मला एक गोष्ट पक्की पटली आहे. लीग आणि कप यांची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा काढायचा प्रयत्न करू नये. लीगचा तक्ता सांगतो, क्लबनं आपलं रोजचं काम कसं केलं. कप सांगतो, ज्याची वाट बघत होतो ते मिळालं की नाही. सतरावा नंबर त्या रात्रीचा आनंद कमी करत नाही आणि तो आनंद सतराव्या नंबराला सहावा करत नाही.

मग टॉटनहॅमचं काय? कुणी मला एकाच शब्दात उत्तर मागितलं तर मी म्हणेन, यशस्वी. कारण इथं उंबरठा आधी ठरला होता, आणि तो खुद्द पोस्टेकोग्लूंनी ठरवला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलकडून हरल्यानंतर ते म्हणाले होते की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो. लोक हसले. सोळा वर्षं कोरड्या गेलेल्या क्लबमध्ये सीझनच्या सुरुवातीला एवढं उघड बोलायला धाडस लागतं. त्यांनी मेमध्ये ते खरं करून दाखवलं. युरोपीय ट्रॉफी जिंकून देणारे ते बिल निकोल्सन आणि कीथ बर्किन्शॉ यांच्यानंतरचे क्लबचे तिसरेच प्रशिक्षक. आणि तरी त्यांना काढण्याचा निर्णय मी सरसकट चूक म्हणणार नाही, कारण तो दुसऱ्या वहीतला निर्णय होता: बावीस पराभवांची वही. सीझन यशस्वी होता आणि पुढचं काम दुसऱ्याच्या हाती द्यावं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. आपल्या वादांमध्ये माणसं एक वाक्य धरतात आणि दुसऱ्याला शत्रू समजतात.

युनायटेडचा सीझन अपयशी. यात मला शंका नाही. उंबरठ्याच्या खाली आणि हाती काही नाही, पुढच्या वर्षी युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही. फायनलपर्यंत ते युरोपा लीगमध्ये एकही सामना हरले नव्हते, हे खरं आहे. पण टॉटनहॅमकडून त्या एका सीझनमध्ये चारही सामने हरले, हेही खरं आहे.

आर्सेनलचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि माझ्या ओळखीची सगळ्यात जास्त पोरं आर्सेनलचीच. २०२२-२३ मध्ये ८४ गुण, २०२३-२४ मध्ये ८९, २०२४-२५ मध्ये ७४, आणि तिन्ही वर्षं दुसरा क्रमांक. ८९ गुणांच्या वर्षी सिटीनं ९१ मिळवले. याहून जास्त कुणी काय करायचं? लिव्हरपूलनं २०१८-१९ मध्ये ९७ गुण मिळवून, अख्ख्या लीगमध्ये एकच सामना हरून दुसरा क्रमांक घेतला होता. समोर कोण उभं आहे हे आपल्या हातात नसतं. म्हणून २०२३-२४ च्या आर्सेनलला मी यशस्वी म्हणतो, ट्रॉफी नसली तरी. क्लबच्या कुवतीच्या टोकापर्यंत जाऊन ते थांबले.

२०२४-२५ चं तसं म्हणता येत नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये रियल माद्रिदला दोन्ही सामन्यांत हरवलं, हे सुंदर होतं, पण उपांत्य फेरीत पॅरिसपुढं संघ थांबला. लीगमध्ये मागच्या वर्षीपेक्षा पंधरा गुण कमी, आणि त्या वर्षी विजेत्या लिव्हरपूलचे गुण फक्त ८४ होते. म्हणजे आधीच्या वर्षीचा खेळ कायम राहिला असता तर लीग जिंकता आली असती. दुखापती होत्या, मान्य. पण ऑगस्टमध्ये माझ्या ओळखीच्या याच पोरांनी ‘यंदा लीग’ असं छातीठोक म्हटलं होतं. मग मेमध्ये ‘सलग तिसऱ्यांदा दुसरे आलो, हे काय कमी आहे?’ असं म्हणायचं तर ऑगस्टमधलं वाक्य मागं घ्यावं लागतं. उंबरठा वर सरकला की यश महाग होतं, मोठं होण्याची ती किंमत आहे. आर्सेनलचे जुने प्रशिक्षक आर्सेन वेंगर चॅम्पियन्स लीगची जागा मिळवणं ट्रॉफीच्या तोडीचं मानायचे तेव्हा त्यांची थट्टा झाली. मला ती थट्टा तेव्हाही आवडली नव्हती. २००६ मध्ये नवं स्टेडियम उभं करून कर्ज फेडणाऱ्या क्लबचा तो खरोखरीचा उंबरठा होता आणि त्यांनी तो आधीच जाहीर केला होता.

आर्सेनलच्याच बाबतीत एक गोष्ट मला फार खटकते. २४ मे २०२५ ला, म्हणजे टॉटनहॅमच्या फायनलनंतर तीनच दिवसांनी, आर्सेनलच्या महिला संघानं लिस्बनमध्ये बार्सिलोनाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. स्टीना ब्लॅकस्टेनियसचा गोल. युरोपातली सगळ्यात मोठी ट्रॉफी, समोर युरोपातला सगळ्यात तगडा संघ. २००७ नंतरचं हे त्यांचं दुसरं विजेतेपद, आणि दुसऱ्या कुठल्या इंग्लिश क्लबच्या महिला संघाला तोवर एकदाही हे जमलं नव्हतं. त्याच आठवड्यात ‘आपल्याला पाच वर्षं काहीच मिळालं नाही’ म्हणून आपली पोरं हळहळत होती. तोच क्लब, तीच जर्सी, तोच बिल्ला. ‘आपला क्लब’ म्हणताना त्यात कोण धरायचं हेही सीझनच्या आधीच ठरवायला हवं, आणि त्यातून निम्मा क्लब वगळायचा असेल तर का, हे सांगता आलं पाहिजे. आपल्याकडं शाळेतल्या मुलींच्या संघाला सरावासाठी मैदान मुलांचा खेळ आटोपल्यावर मिळतं, ते याच मोजण्यातून येतं.

यशाची किंमत कुणी भरली हेही विचारायला पाहिजे. पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए कप जिंकला. फायनलमध्ये कार्डिफला १-० हरवलं, कानूचा गोल. त्या वर्षी मेमध्ये कुणी विचारलं असतं तर एकमुखानं उत्तर आलं असतं. पण तो संघ क्लबच्या ऐपतीपलीकडच्या पगारांवर उभा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, नऊ गुण कापले गेले, आणि २०१३ पर्यंत तो घसरत चौथ्या पायरीवर पोचला. शेवटी चाहत्यांनी ट्रस्ट करून, पैसे गोळा करून क्लब विकत घेतला आणि जगवला. त्या चाहत्यांना २००८ चा कप नकोसा झालाय असं मी म्हणणार नाही. पण यशाचा निवाडा करताना ताळेबंद बघायची सवय चाहत्याला असायला हवी. ते काम अकाउंटंटवर सोडून चालत नाही, कारण क्लब बुडाला तर मैदानाबाहेर उभा राहणारा चाहताच असतो.

एक आक्षेप इथं येतो आणि तो मी टाळणार नाही. पोर्ट्समथचा माणूस तिकीट काढतो, त्याचा बाप-आजा त्याच स्टँडमध्ये उभा राहिलेला असतो. परभणीच्या पोरानं कधी ते मैदान पाहिलेलं नाही. त्याला निवाड्याचा अधिकार काय? मला वाटतं, अधिकार आहे, पण जबाबदारी जास्त आहे. दूरच्या चाहत्याला हरल्याचे चटके कमी बसतात. क्लब खाली गेला तरी त्याच्या गावातली हॉटेलं बंद पडत नाहीत. म्हणून तो सहज निष्ठुर होतो. प्रशिक्षकाला काढा, अमक्याला विका, दुसरा नंबर म्हणजे शून्य. लातूरसारख्या गावात तर पोरांच्या कानावर दिवसभर रँकशिवाय दुसरं काही पडत नाही. रात्री मॅच बघतानाही तीच भाषा तोंडात येते. पहिला सोडून सगळे हरलेले. हे फुटबॉलपुरतं राहत नाही याची मला काळजी वाटते. स्वतःकडं बघण्याची सवय माणूस अशाच ठिकाणी लावून घेतो.

आणि आपल्याला दुसऱ्या पद्धतीनं मोजता येत नाही असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत अकरावा आला. त्याला अपयश म्हणणारा माणूस आपल्या भागात शोधून सापडणार नाही. या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष, टोकियोत तो प्राथमिक फेरीतच थांबला होता, हे आपण लक्षात ठेवलं. मांडव्यासारख्या गावातून तो कुठून कुठं गेला हेही ठेवलं. अकरावा नंबर बघून आपण आनंदलो आणि ते बरोबरच होतं. तीच नजर क्लबाकडं वळवायला काय हरकत आहे?

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिकडं येतो. टॉटनहॅमच्या अडतीस सामन्यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या पोरांना स्वतःच्या शाळेच्या संघाचा सीझन यशस्वी झाला का, हे विचारून बघा. उत्तर येणार नाही, कारण सीझनच नसतो. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. जिल्हा, मग विभाग (मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन), मग राज्य. पहिल्याच सामन्यात हरला त्या संघाचं वर्ष तासाभरात संपतं. तीन महिने सराव करून आलेला मुलगा एक सामना खेळतो, एक चूक करतो आणि पुढच्या वर्षापर्यंत घरी बसतो. तो सुधारला की नाही हे कळायला दुसरा सामनाच नाही. जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, बाकीच्यांच्या हाती काही उरत नाही. अशा रचनेत वाढलेल्या मुलाला दुसरा नंबर म्हणजे हारच वाटणार.

सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यात एकाच दिवशी लाखो विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळायला लावलं होतं, ऑक्टोबरमध्ये देशात होणाऱ्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्तानं. शाळाशाळांत चेंडू पोचले. उपक्रमाचं मी तेव्हा स्वागत केलं होतं, आजही करतो. पण एका दिवसाचा खेळ म्हणजे सीझन नव्हे. आणि ही उणीव फक्त खालच्या पायरीवर नाही. २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीग या देशातल्या फुटबॉल लीगच्या आयोजकांनी क्लबांना कळवलं की भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेल्या कराराचा निकाल लागेपर्यंत पुढचा सीझन थांबवून ठेवला आहे. मुंबई सिटीवर जीव असलेली मराठी पोरं तेव्हा यश-अपयश सोडाच, सामने होणार का हे विचारत होती.

साखळी पद्धतीची स्पर्धा जिल्ह्यात भरवणं अशक्य नाही. आठ शाळा घ्या. प्रत्येकीशी दोनदा खेळायचं तर एका संघाचे १४ सामने होतात, सगळे मिळून ५६. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारनंतर मैदान मोकळं. दोन मैदानांवर दोन-दोन सामने लावले तर १४ शनिवारांत स्पर्धा संपते; नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, उन्हं तापायच्या आणि परीक्षा लागायच्या आत. मुलींची साखळी याच दिवशी याच मैदानांवर, आलटून पालटून आधी आणि नंतर. सुरुवात चौदा वर्षांखालच्या वयोगटानं करावी, कारण त्यांच्यावर अजून बोर्डाचं ओझं नसतं.

पंच लागतील, एसटीच्या भाड्याचा प्रश्न येईल, खेडेगावातल्या शाळांना ने-आण परवडणार नाही, म्हणून पहिल्या वर्षी एका शहरातल्या शाळांपुरतंच ठेवावं लागेल. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं मैदान मागता येईल, शाळांकडं शिक्षक मागता येतील. गुणतक्ता लिहायला मात्र ज्यांना टॉटनहॅमचे सात वर्षांचे गुण तोंडपाठ आहेत त्यांनीच बसायला हवं. दर शनिवारी संध्याकाळी तो तक्ता प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि पहिल्या सामन्याच्या आधी आठही संघांनी यंदा आपण काय मिळवलं तर समाधान मानू, हे त्याच फळ्यावर लिहून ठेवलं पाहिजे. मागच्या वर्षी एकही सामना न जिंकलेला संघ तिथं ‘तीन विजय’ असं लिहील, आणि फेब्रुवारीत त्या मुलांना आपलं उत्तर स्वतःचं स्वतःला देता येईल.